रोजच्या वेळापत्रकात मोकळ्या हवेचा तास हवा: शाळाप्रमुखांना खुले पत्र

माननीय मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, संस्थाचालक आणि शाळेचे वेळापत्रक ठरवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

नवे सत्र सुरू होण्याआधी आपल्या टेबलावर एक मोठा तक्ता येतो. कोणत्या वर्गाला कोणता विषय, कोणत्या शिक्षकाकडे किती तास, प्रयोगशाळा कोणत्या दिवशी कोणाला, हे सगळे त्यात बसवताना किती ओढाताण होते याची मला कल्पना आहे. मी स्वतः शिकवते आणि असे तक्ते जुळवण्याच्या कामात अनेकदा बसलेली आहे. हे पत्र त्या तक्त्याविषयीच आहे. प्रत्येक इयत्तेच्या प्रत्येक दिवसात, गणित-भाषेच्या तासांइतकाच पक्का आणि कोणालाही परस्पर उचलता न येणारा असा मोकळ्या हवेतला वेळ आपण लिहावा, आणि इतर सगळे भरून झाल्यावर उरलेल्या जागेत न लिहिता सर्वांत आधी लिहावा, एवढीच माझी मागणी आहे.

बाहेर जावे, झाडांत फिरावे, मोकळ्या हवेत खेळावे, हे चांगले आहे यावर कोणाचा वाद नाही. तरीही ते रोज घडत नाही, आणि त्याचे खापर आपण मुलांच्या आळसावर, पालकांच्या धावपळीवर किंवा मोबाइलवर फोडून मोकळे होतो. हे निदान मला अपुरे वाटते. सूर्य वर असतो ते बहुतेक तास मूल आपल्याकडे असते. ते घरी पोहोचते तेव्हा गृहपाठ, शिकवणी आणि उतरता उजेड एवढेच शिल्लक असते. ज्या वेळी बाहेर असण्याचा खरा उपयोग, तो वेळ घराच्या हातात फारसा उरतच नाही, तो शाळेच्या तक्त्यात गेलेला असतो. शिवाय एखादी गोष्ट अंगवळणी पडते ती ठरल्या वेळी, ठरल्या जागी, रोज, फारसा विचार न करता घडल्यामुळे. वर्षातून एकदा निघणारी सहल मुलांना मनापासून आवडते आणि ती जरूर असावी, पण तिने आठवणी मिळतात, सवय लागत नाही. सवय लावण्याची ताकद रोज वाजणाऱ्या घंटेत आहे, आणि ती घंटा आपल्या अधिकारात आहे.

सुरुवात डोळ्यांपासून करते, कारण या बाबतीतला पुरावा सर्वांत भक्कम आहे आणि शाळांपर्यंत तो सर्वांत कमी पोहोचलेला आहे. मुलाला मायनस नंबर लागतो, म्हणजे बहुतेक वेळा त्याच्या डोळ्याचा गोळा पुढून मागे प्रमाणापेक्षा जास्त लांब वाढलेला असतो, त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा डोळ्यातल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, न पडता त्याच्या अलीकडे पडते आणि फळा धूसर दिसू लागतो. एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. चष्म्याने दिसण्याची सोय होते, पण नंबर फार वाढला तर पुढच्या आयुष्यात दृष्टिपटल सुटणे, काचबिंदू यांसारख्या आजारांचा धोका वाढतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार सध्याची वाढ अशीच राहिली, तर २०५० पर्यंत जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना मायनस नंबर असेल.

हे सगळे वाचनामुळे आणि पडद्यांमुळे होते अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. जवळून पाहण्याच्या कामाचा त्यात वाटा असावा, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. सिंगापूर आणि सिडनी या दोन शहरांतल्या, चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. सिंगापूरच्या मुलांपैकी २९.१ टक्क्यांना मायनस नंबर होता, सिडनीच्या मुलांपैकी फक्त ३.३ टक्क्यांना. वंश एकच होता, आईवडिलांच्या चष्म्याचे प्रमाणही फारसे वेगळे नव्हते, आणि वाचनाच्या बाबतीत तर सिडनीची मुले आठवड्याला जास्त पुस्तके वाचत होती. ठळक फरक होता तो घराबाहेरच्या वेळेत: सिडनीची मुले आठवड्याला पावणेचौदा तास उघड्यावर असत, सिंगापूरची जेमतेम तीन तास. त्याच सुमारास सिडनीतच झालेल्या दुसऱ्या पाहणीत असेही दिसले की बंदिस्त सभागृहात खेळलेल्या खेळाचा डोळ्यांना हा फायदा होत नाही. म्हणजे इथे प्रश्न व्यायामाचा नसून बाहेर असण्याचा आहे, आणि शाळेने बांधलेल्या भव्य इनडोअर क्रीडागृहाने तो सुटत नाही.

याचे कारण उजेडात असावे, असे संशोधक मानतात. उजेड लक्स या मापात मोजतात. चांगला दिवा असलेल्या वर्गात बाकावर साधारण ३०० ते ५०० लक्स उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजार लक्स भरतो, ढगाळ दिवशी उघड्यावर दहा हजारांच्या आसपास जातो आणि लख्ख उन्हात एक लाखापर्यंत पोहोचतो. आपला डोळा अंधार-उजेडाशी इतका चटकन जुळवून घेतो की हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवतच नाही. वर्गात छान उजेड आहे असे वाटते, पण डोळ्याच्या दृष्टीने मूल दिवसभर संधिप्रकाशात बसलेले असते. प्रखर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन नावाचे रसायन जास्त स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबीच्या वाढीला आवर घालते, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसले आहे. आणखी एक साधी गोष्ट आहे. वर्गात दूरात दूरची वस्तू म्हणजे फळा, बाहेर मात्र नजर शेंड्यावर जाते, ढगावर जाते, दूरच्या पक्ष्याच्या मागे जाते.

हे केवळ निरीक्षण नाही, शाळांनी ते करून पाहिले आहे. तैवानच्या दक्षिण भागातल्या दोन प्राथमिक शाळांपैकी एका शाळेने सुट्टीत मुलांनी वर्गाबाहेर जावे अशी व्यवस्था केली. दिवसभरातल्या सगळ्या सुट्ट्या मिळून हा वेळ सुमारे ८० मिनिटे होता. वर्षभराने त्या शाळेत नव्याने नंबर लागलेल्या मुलांचे प्रमाण ८.४१ टक्के होते, तर दुसऱ्या शाळेत १७.६५ टक्के. तिथे नवे यंत्र आले नव्हते, नवी नेमणूक झाली नव्हती, आधीपासून असलेल्या सुट्टीचा वापर तेवढा बदलला होता. पुढे चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे रीतसर चाचणी झाली. निम्म्या शाळांनी रोजच्या दिवसात ४० मिनिटांचा बाहेरचा एक तास जोडला. २०१५ साली निष्कर्ष आले: बाहेरचा तास मिळालेल्या गटात तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना नंबर लागला, न मिळालेल्या गटात ३९.५ टक्के. तैवान सरकारने तर २०१० मध्ये रोज १२० मिनिटे बाहेर हे धोरणच शाळांसाठी आणले. तिथल्या प्राथमिक शाळांत नजर कमी असलेल्या मुलांचे प्रमाण २००१ ते २०११ या काळात ३४.८ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले होते. धोरण रुळल्यावर ते उतरू लागले आणि २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर आले. वर्षानुवर्षे चढत गेलेला आलेख एका देशात खाली वळला, आणि तो वळवण्यात मुख्य वाटा शाळेच्या घंटेचा होता. इथे एक मर्यादा नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे: बाहेरच्या वेळेचा स्पष्ट फायदा नंबर लागण्याआधी होतो, लागलेला नंबर वाढण्याचे थांबते की नाही याबाबतचा पुरावा इतका स्पष्ट नाही. म्हणूनच हा तास खालच्या वर्गांपासून हवा, चष्मा लागल्यावर नव्हे.

डोळ्यांनंतर लक्ष. प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेली एक वेळ आहे. मधल्या सुट्टीनंतरचा दुसरा तास चालू असतो, वर पंखा फिरत असतो, मागच्या बाकावर कोणीतरी डोळे चोळत असते, पुढच्या बाकावरचे मूल फळ्याकडे पाहत असते पण त्याला काही विचारले तर ते दचकते. आपण आवाज चढवतो, डस्टर आपटतो, दोन-चार मिनिटे वर्ग ताळ्यावर येतो आणि पुन्हा तसाच होतो. मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ साली याविषयी जे मांडले ते मला वर्गात रोज पटत आले आहे. ओढून-ताणून एकाच गोष्टीवर लक्ष धरून ठेवणे, मनात येणाऱ्या इतर गोष्टी दाबून ठेवणे, हे श्रमाचे काम आहे आणि ती शक्ती थकते. पानांची हालचाल, वाहते पाणी, ढगांचे सरकणे यांच्याकडे लक्ष आपोआप जाते, त्यासाठी जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्या वेळात थकलेली शक्ती भरून येते. रस्त्यावरची वाहने किंवा मोबाइलचा पडदाही लक्ष खेचतो, पण तो ते हिसकावून घेतो. तिथे विसावा मिळत नाही.

लक्ष एकाग्र करण्यात अडचण असलेल्या ७ ते १२ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक मुलाला वेगवेगळ्या दिवशी बागेत, शहराच्या मध्यवस्तीत आणि घरांच्या वस्तीत २० मिनिटे चालवून आणले. बागेतून परतल्यावर त्यांची एकाग्रता इतर दोन्ही ठिकाणांपेक्षा चांगली दिसली. अशी मुले ज्या वर्गात आहेत, आणि ती प्रत्येक वर्गात असतात, तिथल्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र आपल्यापैकी अनेकांना पडणारा प्रश्न वेगळा असतो: मुले बाहेर गेली की चेकाळतात, मग पुढचा तास वाया जातो. हा समज मी शिक्षक-खोलीत इतक्यांदा ऐकला आहे की तो तपासला गेला आहे याचा मला विशेष आनंद वाटतो. अमेरिकेतल्या तिसरीच्या वर्गांत दहा आठवडे एक प्रयोग झाला. त्याच शिक्षिकेने, त्याच मुलांना, त्याच विषयातला एक पाठ आठवड्यातून एकदा झाडांजवळ बसवून शिकवला आणि त्याच्याशी जुळणारा दुसरा पाठ वर्गात शिकवला. मग दोन्हींनंतरच्या तासात मुलांना भानावर आणण्यासाठी शिक्षिकेला किती वेळा थांबावे लागते हे मोजले. बाहेरच्या पाठानंतर हे थांबणे जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. पोर्शन संपत नाही म्हणून बाहेरचा तास कापणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा: वर्गात ओरडण्यात, गप्प बसवण्यात आणि तेच तेच पुन्हा सांगण्यात जाणारी मिनिटेही पोर्शनमधूनच जातात. फिनलंडच्या शाळांत ४५ मिनिटांच्या शिकवण्यानंतर साधारण १५ मिनिटांची सुट्टी असते आणि ती बहुधा बाहेरच घालवली जाते. तिथे कोणी त्याला वेळेची उधळपट्टी म्हणत नाही.

परीक्षेच्या वर्षातल्या मोठ्या मुलांसाठी झोपेचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. दिवस उजाडला हे शरीराला कळावे म्हणून डोळ्यात वेगळ्या पेशी असतात. त्यांचा शोध २००२ च्या सुमारास स्पष्ट झाला. त्या आकृती पाहत नाहीत, उजेडाचे प्रमाण मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. दिवसा मंद उजेडात आणि रात्री दिव्याखाली राहिले की हे घड्याळ मागे पडत जाते, झोप उशिरा येते आणि सकाळी मूल अर्धवट झोपेत पहिल्या तासाला बसते. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आठ प्रौढ माणसे आठवडाभर डोंगरात तंबूत, विजेच्या दिव्यांशिवाय राहिली, तेव्हा त्यांच्या शरीराची रात्र सुमारे दोन तास अलीकडे आली. माणसे मोजकीच होती आणि आपण मुलांना तंबूत ठेवणार नाही, पण सकाळचा उजेड किती काम करतो याची त्यातून कल्पना येते. पहिला तास सुरू होण्याआधीची वीस मिनिटे वरच्या वर्गांनी मैदानात घालवली, तर या मुलांना दुसरे कोणीही न देऊ शकणारी गोष्ट शाळा देईल.

लहानग्यांच्या बाबतीत माती हा आणखी एक विषय आहे. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलाची माती, गवत आणि झुडपे आणून मुलांना रोज त्यात खेळू दिले. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रक्तात रोगप्रतिकारशक्तीच्या नियमनाशी संबंधित चांगले बदल दिसले. अंगण फरशी घालून चकचकीत करण्यापूर्वी संस्थाचालकांनी याचा विचार करावा, एवढेच इथे म्हणते.

आता हा तास कसा असावा याविषयी. तो पीटीचा तास नव्हे. कवायत, शर्यती, संघाचा सराव यांची जागा वेगळी आहे आणि त्यांना मी हात लावत नाही. शाळकरी मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण शिट्टीच्या तालावर रांगेत उभे राहिलेले मूल बाहेर असूनही बाहेर नसते, त्याचे सगळे लक्ष सूचनेकडे असते. मी मागते आहे त्या वेळात मुलाला थोडे मोकळे सोडलेले असावे: त्याने उकिडवे बसून काहीतरी पाहावे, मित्राशी बोलावे, काठीने माती उकरावी, काहीच करू नये. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी त्यात पाठ मिसळला तरी चालेल, रोज नको.

एका वर्गातल्या प्रत्येक मुलाला मी आवारातल्या झाडाझुडपांची एकेक फांदी नेमून दिली होती. काम एवढेच की बाहेरच्या वेळात तिच्यापाशी जायचे आणि काल नव्हते असे आज काय आहे ते पाहायचे. वर्गात एका शब्दात उत्तर देणारा एक मुलगा एकदा धावत आला. त्याच्या फांदीच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला होता, टाचणीच्या टोकाएवढे हिरवे कण दाटीने चिकटले होते, आणि मुंग्या त्यांच्यावरून वर-खाली करत होत्या. त्याला प्रश्न पडला होता की मुंग्या हे किडे खात का नाहीत. आम्ही तिघे-चौघे नाक लावून बघत राहिलो. मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीला हळूच थोपटत होती, मग माव्याच्या मागच्या टोकाला एक चकचकीत थेंब येत होता आणि मुंगी तो पिऊन पुढच्याकडे जात होती. काही दिवसांनी त्याच शेंड्यावर एक काळसर, काटेरी अळी आली. ती मावा खात होती आणि मुंग्या तिला हुसकावत होत्या. ती ठिपकेदार लाल भुंगेऱ्याची, म्हणजे ढालकिड्याची अळी आहे हे सांगितल्यावर वर्गात दोन तट पडले, मुंग्यांच्या बाजूचा आणि अळीच्या बाजूचा, आणि तो अबोल मुलगा दोन्ही तटांना आपल्या फांदीची हकिगत तपशीलवार सांगत उभा राहिला. परस्परावलंबन, भक्ष्य आणि भक्षक, कीड आणि तिचे नियंत्रण, हे सगळे पुढे पुस्तकात आले तेव्हा नवीन शिकवावे लागले नाही. यासाठी जंगल लागले नाही, एक झुडूप पुरले. पण ते झुडूप रोज पाहावे लागले, हे मी मुद्दाम नोंदवते. एकदाच गेलो असतो तर माव्याचे हिरवे कण तेवढे दिसले असते.

अडचणी मला माहीत आहेत. उन्हाची भीती खरी आहे, म्हणून तास सकाळी किंवा उतरत्या दुपारी ठेवावा. अतिनील किरणांचा निर्देशांक ३ किंवा त्याहून जास्त असेल तर टोपी आणि सावली हवी, ८ च्या पुढे गेला तर भर दुपारी मुलांना उन्हात नेऊच नये. डोळ्यांना जो फायदा हवा आहे तो सावलीतल्या उजेडानेही मिळतो, उन्हात तापत बसण्याची काहीच गरज नाही; आणि सूर्याकडे थेट पाहायचे नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी बजावावे. ज्या दिवशी हवा खूप प्रदूषित असेल किंवा विजा चमकत असतील त्या दिवशी आत थांबावे. पण रिमझिम पाऊस, थोडा गारठा, थोडे वारे ही कारणे नव्हेत. दम्याच्या मुलाचे औषध शिक्षकाजवळ असावे. चाकाच्या खुर्चीतले मूल उंबरठ्याशी अडून वर्गातच राहत असेल, तर आधी तिथे उतार बांधावा आणि मग तास सुरू करावा.

जागा नाही, हे उत्तर मी मान्य करायला कचरते. मोठे मैदान नसलेल्या शाळेलाही चार झाडे, भिंतीलगतची मातीची पट्टी किंवा कठडा असलेली गच्ची आणि तिच्यावरच्या कुंड्या यांपैकी काहीतरी साधते. बार्सिलोनातल्या ३६ शाळांमधल्या सुमारे २,६०० मुलांची वर्षभर पाहणी झाली, तेव्हा ज्या शाळांच्या आवारात आणि भोवती हिरवळ जास्त होती तिथल्या मुलांच्या कार्यकारी स्मृतीत, म्हणजे माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेत, अधिक प्रगती दिसली, आणि त्यातला काही भाग वाहनांच्या धुराच्या कमी प्रमाणाशी जोडलेला होता. म्हणजे रस्त्याच्या बाजूला दाट झाडी लावण्याचा खर्च हा सुशोभनाचा खर्च नाही. आणि उघड्यावर शिकणे हे काही आजचे खूळही नाही. रवींद्रनाथ टागोरांनी १९०१ साली शांतिनिकेतनात झाडाखाली वर्ग भरवले. १९०४ साली बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग इथे अशक्त मुलांसाठी रानात शाळा सुरू झाली आणि तिचे अनुकरण अनेक देशांनी केले.

एका प्रथेविषयी मला जरा कठोरपणे लिहायचे आहे. गृहपाठ केला नाही, गोंधळ घातला, वही विसरली, म्हणून मुलाची सुट्टी कापून त्याला वर्गात बसवणे ही शिक्षा अजूनही सर्रास दिली जाते. ज्या मुलाला बाहेर जाण्याची सर्वांत जास्त गरज आहे नेमके तेच मूल आत अडकते, आणि पुढच्या तासाला आणखी गोंधळ घालते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१३ साली स्पष्टपणे सांगितले की सुट्टी शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी हिरावून घेऊ नये. आपण एका परिपत्रकाने ही प्रथा बंद करू शकता. तेच परिपत्रक बाहेरच्या तासालाही लागू करावे: शिक्षक रजेवर आहे, तपासणी आली आहे, सराव परीक्षा जवळ आली आहे, अशा कोणत्याही कारणाने हा तास दुसऱ्या विषयाला दिला जाणार नाही. पीटीचा तास गणिताला जातो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. लेखी मनाई नसेल तर या तासाचेही तेच होईल.

शिक्षकांनाही याची गरज आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार प्रौढांच्या माहितीवरून २०१९ साली असे दिसले की आठवड्यात एकूण १२० मिनिटे किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारी माणसे आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात, मग तो वेळ एकदम घालवलेला असो की तुकड्यातुकड्यांत. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, निरोगी माणसे मुळातच जास्त बाहेर जात असतील हेही शक्य आहे. पण शिकवण्याचा ताण, घसा, पाठ आणि दिवसभराचा कलकलाट यांतून जाणाऱ्या माणसाला रोज वीस-पंचवीस मिनिटे झाडाखाली उभे राहता आले, तर त्याच्यासाठीही आठवड्याची बेरीज शाळेतच पूर्ण होते. अट एवढीच की हा तास देखरेखीचे जादा काम म्हणून शिक्षकांच्या माथी मारू नये. तो त्यांच्या कामाच्या तासांत मोजावा.

सुरुवात करण्यासाठी नवा निधी किंवा नवी नेमणूक यांची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या प्रत्येकाच्या शिक्षकवर्गात एक-दोन जण असे असतात जे आजही ऑफ तासाला मुलांना गुपचूप झाडाखाली घेऊन जातात आणि कोणी विचारले तर पर्यावरणाचा प्रकल्प चालू आहे असे सांगतात. त्यांना बोलावून घ्या, पहिल्या सत्राचे नियोजन त्यांच्याकडे सोपवा, त्याबदल्यात त्यांच्याकडची दुसरी एखादी जबाबदारी काढून घ्या, आणि कोणत्या वर्गाने कोणत्या वेळी कुठे जायचे हे लिहून काढायला त्यांना एक पूर्ण दुपार द्या. पहिल्या पालकसभेत मात्र हा तास का ठेवला आहे हे त्यांच्याऐवजी आपण स्वतः सांगावे, म्हणजे परीक्षा जवळ आल्यावर तो बंद करा म्हणून येणाऱ्या पालकांना वर्गशिक्षकाशी वाद घालावा लागणार नाही, ते थेट आपल्याकडे येतील.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका